पुणे परिसरातलं पक्षीनिरीक्षण : आयुष्यभर जपलेल्या आठवणी

मुठेकाठचा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. पुण्यात राहून पक्षी बघत ज्यांची हयात गेली, अशी बरीच माणसं इथे आहेत. गप्पा मारताना प्रत्येकाकडून एखादी अशी आठवण निघते, की ती कुठे लिहिलेली नसते आणि तो माणूस गेला की तीही जाते. त्या सगळ्या एका जागी याव्यात म्हणून हा धागा. सुरुवात मी करतो.

माझी शाळा म्हणजे बंड गार्डनचा बंधारा. सत्तरच्या दशकाची सुरुवात, मी कॉलेजात. जुन्या बाजारातून घेतलेली दुर्बीण होती, तिची एक काच धूसर, म्हणून डावा डोळा मिटून बघायचं. थंडीत पहाटेच्या पीएमटी बसने बंधाऱ्यावर पोचायचं. वरच्या अंगाला पाणी थोपलेलं असे आणि त्यावर थापट्या, तलवार बदकं, भुवई बदकं. खालच्या खडकांवर चक्रवाकाच्या जोड्या. धुकं असलं तर आधी त्यांचा आवाज यायचा, पक्षी नंतर दिसायचे.

मला शिकवणारे गृहस्थ एका दुकानात हिशेब लिहायचे. साधा सदरा, धोतर, काखेत छत्री. मी सारखा विचारायचो, "काका, हा कोणता?" ते नाव सांगायचेच नाहीत. "तो खातोय काय, बसतोय कुठे, शेपूट हलवतो ती वरखाली की आडवी, ते सांग. मग नाव सांगतो." त्यामुळे धोबी पक्ष्याचं नाव कळायच्या आधी मला त्याची चाल पाठ झाली. मला या छंदात जे काही मिळालं त्याचं मूळ त्या एका सवयीत आहे. आजही नवा पक्षी दिसला तर पुस्तक पिशवीतच राहतं, आधी बघणं.

दुसरी आठवण गिधाडांची. दिवे घाट चढून वर गेलं की एका गावाबाहेर मेलेली गुरं टाकायची जागा होती. तिथे एका बैलावर इतकी गिधाडं पाहिली आहेत की बैल दिसतच नव्हता. फिस्कारणं, पंखांची झटापट, मागून धावत येऊन दुसऱ्याच्या पाठीवर चढणं. आम्ही बांधावर बसून डबा खाईपर्यंत खाली सांगाडा उरलेला. आमच्या गटाच्या त्या वेळच्या याद्या माझ्याकडे आहेत. बदकांपुढे आकडे आहेत, गिधाडांपुढे नुसतं "पुष्कळ". इतका नेहमीचा पक्षी मोजायचा कशाला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटे. नव्वदच्या दशकात त्याच माळावर आभाळ रिकामं झालं आणि कितीचे किती उरले हे सांगायला आमच्याकडे तो एक शब्दच होता.

म्हणून एक विनंती. लिहाल तेव्हा जागा, महिना आणि साधारण वर्ष जरूर लिहा. दुर्मीळ पक्षी हवा असं अजिबात नाही. साळुंकी चालेल, टिटवी चालेल.

---

पशुवैद्य_सासवड

काका, गिधाडांचा परिच्छेद वाचून थांबलो. मी त्याच भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून अनेक वर्षं काढली, म्हणून याची दुसरी बाजू लिहितो.

डायक्लोफिनॅक हे दुखणं-सूज कमी करणारं औषध आलं तेव्हा ते शेतकऱ्याला आणि आम्हालाही वरदान वाटलं. स्वस्त, आणि गुण लगेच. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी उभा राहायचा. जनावर वाचलं तर प्रश्नच नव्हता. पण उपचारानंतर एकदोन दिवसांत ते मेलं आणि उघड्यावर टाकलं, तर मांसात औषध शिल्लक असायचं. गिधाडाच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. शरीरातलं युरिक आम्ल बाहेर पडत नाही, काळजावर, यकृतावर त्याचे पांढरे खडूसारखे थर बसतात आणि पक्षी काही दिवसांत मरतो. हे कारण 2004 साली जाहीर झालं, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. तोवर रोगाचा संशय घेतला जात होता.

एकेका मढ्यावर शेकडो गिधाडं उतरायची, त्यामुळे शंभरात एखादं जनावर औषधाचं असलं तरी पुरे होतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात पंधराएक वर्षांत हजारातलं एक उरली. मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचएक वर्षं लागतात, मग ही तूट भरून निघणार कशी? 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जायच्या, म्हणून 2015 मध्ये त्या बाटल्यांवरही बंदी आली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक ही तशीच घातक औषधंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे औषध मात्र गिधाडांना चालतं, आणि जनावरालाही त्याचा गुण येतो.

माझी आठवण म्हणाल तर अलीकडची आहे. पुरंदरच्या पायथ्याच्या एका वाडीत गाय तपासत होतो. मालक साठीचा. मी बाटली काढली तसा त्याने हात धरला आणि विचारलं, "डॉक्टर, हे गिधाडं मारायचं औषध न्हाई ना?" त्याने लहानपणी गिधाडं पाहिली होती, त्याच्या नातवाने नाही. मी मेलॉक्सिकॅमची चिठ्ठी त्याला वाचून दाखवली. त्या प्रश्नाचा आनंद मला आजही आहे.

---

टेकडीवरची

डॉक्टर, हे इतक्या नेमकेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

मी कोथरूडची, वेताळ टेकडी हे माझं माहेर. दोन गोष्टी सांगते.

पहिली : जून, वळीव होऊन गेलेला, 2009च्या आसपास. सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मुलं गोल करून उभी. मधे नवरंग! पोपटी पाठ, पोटाखाली लालभडक, डोळ्यावर काळी पट्टी, आणि नुसता बसून राहिलेला. हे पक्षी रात्री प्रवास करतात आणि पावसाच्या तोंडावर दमून शहरातच उतरतात. कुणी खिडकीच्या काचेवर आपटतात, कुणी जिन्यात सापडतात. मी बुटांचा खोका आणला, भोकं पाडली, आत जुना पंचा घातला. पाणी पाजायचं नाही, खायला कोंबायचं नाही, सारखं झाकण उघडायचं नाही, हे मुलांना बजावलं. दिवसभर खोका अंधाऱ्या खोलीत. संध्याकाळी टेकडीच्या कडेला झाडीत नेऊन झाकण उघडलं तर दोन उड्या मारून पालापाचोळ्यात शिरला आणि लगेच पानं उलटायला लागला. त्यातली एक मुलगी आज वन्यजीवशास्त्र शिकतेय. तिच्या आईने तेव्हा मला विचारलं होतं, "ताई, याने अभ्यास बुडेल का हो?"

दुसरी गोष्ट आठवणीपेक्षा तक्रारीकडे झुकते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या लहानपणी टेकडीचा माथा गवताचा होता. उन्हाळ्यात पिवळा, पावसानंतर गुडघाभर. चंडोल सरळ वर चढत गायचा, तित्तिर ओरडायचे, संध्याकाळी वाटेवरच रातवा बसलेला असायचा आणि पायाशी आल्यावर उडायचा. मग गिरिपुष्प लावलं गेलं. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढतं, फेब्रुवारीत गुलाबी फुलतं, लोक खाली उभे राहून फोटो काढतात. गवत त्याच्या सावलीत संपलं. जिथे झाडं दाट झाली तिथे आता चंडोल नाही. गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन, ही समजूत आपल्या डोक्यातून आणि सरकारी कागदांतून कधी जाणार? दरवर्षी वृक्षारोपणाला उत्साहाने येणाऱ्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे : खड्डा घेण्याआधी तिथे आज कोण राहतंय ते बघा.

---

लेन्सवाला

टेकडीवरची, गवताबद्दल शंभर टक्के सहमत. सासवडच्या बाजूला माळ प्लॉटिंगमध्ये जाताना बघतोय. धाविक आणि भोवत्या जिथे हमखास दिसायचे तिथे आता कमानी आहेत.

माझी आठवण सिंहगडाच्या पायथ्याची, आतकरवाडीकडच्या ओढ्याची. एप्रिलचा शेवट, ओढ्यात डबक्याएवढंच पाणी. तीन तास दगडामागे बसलो होतो. आधी टिकेलचा निळा माशीमार, मग नाचण, आणि मग स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आला. वरून सूर मारून पाण्याला स्पर्श, परत फांदीवर, पुन्हा सूर. त्याची ती लांब शेपटी पाण्यावरून ओढली जाताना एक रेघ उमटत होती. मी कॅमेरा खाली ठेवला. फोटो बरेच आहेत माझ्याकडे, पण ती सकाळ मी फोटोत बघत नाही, तशीच आठवते.

आता तिथे सुट्टीच्या दिवशी पंधरा-वीस जण ट्रायपॉड लावून असतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला समोर आणतात. माझ्या मते एखाद्या वेळी, विणीचा काळ सोडून, थोडासा आवाज वाजवला तर बिघडत नाही. नवख्या माणसाला पक्षी दिसतो आणि तो पुढे या जंगलाच्या बाजूने उभा राहतो.

---

टेकडीवरची

@लेन्सवाला, इथे मात्र नाही पटत. नर आपल्या हद्दीत दुसरा नर आला म्हणून धावतो. घरट्यावरचं लक्ष सुटतं, खाणं सुटतं. तुम्ही एकदा वाजवता, पण तुमच्यानंतर आलेला पुन्हा वाजवतो, त्याच्यानंतरचा पुन्हा. त्या पक्ष्याच्या दृष्टीने तो दिवसभराचा शत्रू आहे. तुम्ही तीन तास बसलात आणि तो आपणहून आला, हेच नवख्यांना सांगा ना.

---

लेन्सवाला

"त्याच्या दृष्टीने दिवसभराचा" हा मुद्दा मान्य. गर्दीच्या जागी तर नकोच. माझ्या गटात हे मांडतो.

---

उजनीकाठ

आमचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. 1980 साली धरण पुरं झालं तेव्हा मी पाळण्यात होतो. आजी सांगायची, कुठे मळा होता, कुठे चावडी. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा म्हातारी माणसं नावेने जाऊन दर्शन घेतात. आमच्या घरच्यांसाठी ते पाणी म्हणजे दुःखच होतं.

आणि त्याच पाण्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आले. पाणी ओसरायला लागलं की उथळ गाळ उघडा पडतो, त्यात शेवाळ आणि बारीक जीव असतात, ते गाळून खायला हे येतात. जानेवारी ते एप्रिल बघा. माझे वडील मासेमारी करायचे. पुण्याहून कोणी साहेब दुर्बीण घेऊन आले की त्यांना होडीतून न्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. एकदा कडाक्याच्या थंडीत, मी दहा-बारा वर्षांचा, होडीत पुढे बसलेलो. शेजारच्या हरभऱ्यातून पट्टकदंब हंसांचा थवा उठला आणि आमच्या डोक्यावरून पाण्यात उतरला. त्या साहेबांनी सांगितलं, हे तिबेट-मंगोलियाकडचे, हिमालय ओलांडून आलेत, सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. वडिलांनी वल्हं आडवं ठेवलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या लांबून आमच्या हरभऱ्याला आले." त्या वर्षापासून शेतातून त्यांना हाकलायला आमच्या घरचं कोणी गेलं नाही.

आता भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथल्या बऱ्याच पोरांचं घर यावर चालतं. मीही होडी चालवतो. पुण्याच्या मंडळींना हात जोडून सांगतो : थवा उडवायला सांगू नका. उडतानाच्या फोटोसाठी जादा पैसे देऊ करणारे येतात. उथळ पाण्यात खात असलेला थवा दिवसातून चार-पाच वेळा उडवला तर तो दुसरीकडे जातो, आणि मग आमचं काय? चित्रबलाक बघायचे असतील तर भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर त्यांची वीण असते. तिथेही काठावरूनच बघा.

---

निनाद_प

फार सुंदर धागा आहे. उजनीकाठ, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

मी नवीन आहे, लॉकडाऊनमध्ये गॅलरीतून सुरुवात झाली. मोबाइलमधलं अॅप आवाजावरून पक्षी ओळखतं, त्यावर अवलंबून राहावं का?

---

मुठेकाठचा

निनाद, वापर जरूर. आमच्या वेळी असतं तर मीही वापरलं असतं. फक्त अॅपने नाव दिलं की तो पक्षी डोळ्यांनी शोध. ताम्हिणीत आमच्या बरोबरच्या मुलाच्या मोबाइलवर एकाच झाडातून सर्पगरुड, हळद्या, शिक्रा अशी नावं येत गेली. झाडावर होता एकटा पल्लवपुच्छ कोतवाल, नकला करण्यात पटाईत. सगळे अर्धा तास त्याच्याकडेच बघत बसलो. तेवढ्या वेळात त्या मुलाला तो पक्षी कायमचा कळला.

---

सदाशिवातली

मी स्वतः फार पक्षी ओळखत नाही, पण बाबांबद्दल लिहायचंय.

बाबा चाळीस वर्षं पक्षी बघत आले. काचबिंदूने नजर जात जात गेल्या काही वर्षांत उजेड-अंधार एवढंच उरलं. आम्हाला वाटलं, आता हा माणूस खचणार. त्यांनी खुर्ची मागच्या गॅलरीत हलवून घेतली. एप्रिल-मे महिन्यात पहाटे साडेचारलाच दयाळ गायला लागतो, तेव्हा बाबा जागे असतात. तो गाताना मधे थांबला की सांगतात, "दुसरा आलाय, वाड्याच्या बाजूने. ऐक, आता दोघं आळीपाळीने गातील." आणि खरंच तसं होतं. ऊन चढलं की तांबट. मेमध्ये पावशा, पुढे पंधरवड्यात चातक. चातक आफ्रिकेकडून येतो आणि त्याचं पिल्लू सातभाई वाढवतात, हे मला बाबांनीच सांगितलं. चातकाची पहिली हाक आली की ते मला तारीख लिहायला लावतात. सप्टेंबर सरता सरता खालच्या जास्वंदीत "चक्, चक्" असा बारीक आवाज येतो. तो वटवट्या. रशिया, मध्य आशियाकडून आलेला, मुठीत मावेल एवढा. मला तो आजवर नीट दिसलेला नाही. बाबा मात्र फोन लावून मित्राला कळवतात, "आमच्याकडे पोचला. तुमच्याकडे?"

पूर्वी ते सुट्टीला भिगवण, सासवड असे दूर जायचे आणि आम्ही घरी चिडायचो. आता रोज सकाळी मी त्यांच्या शेजारी बसते. पक्ष्यांमुळे वडील मला नव्याने भेटले, असं म्हणाले तर ते खोटं नाही.

---

प्रभातरोड_जुना

सदाशिवातली, बाबांना नमस्कार सांगा.

आमच्या गल्लीतली आठवण. जुन्या झाडाच्या ढोलीत राखी धनेशाची जोडी. मार्चअखेरीस मादी आत गेली आणि विष्ठेने तोंड लिंपून घेतलं, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. नर दिवसभर वड-उंबराची फळं आणणार, गळ्यातून एकेक वर काढून फटीतून भरवणार. तो मेला तर आतलं सगळं कुटुंब उपाशी. नेमकी मेमध्ये सोसायटीत फांद्या छाटायची ठरली. मी सभेत फार बोललो नाही. सेक्रेटरींना आणि छाटणीवाल्या कामगाराला सकाळी सातला खाली बोलावलं आणि नर येईपर्यंत थांबवलं. त्याने उंबरं भरवली. कामगार म्हणाला, "साहेब, आत बाई कोंडलीय होय? मग आपण पिल्लं उडाल्यावरच येऊ." पिल्लं बाहेर पडली तेव्हा त्याला फोन केला, तो मुलाला घेऊन बघायला आला.

विद्यापीठाच्या आवारात आणि एम्प्रेस गार्डनमध्येही धनेश दिसतात. जुनी वड-उंबराची झाडं आणि त्यांच्या ढोल्या राहिल्या तर हा पक्षी पुण्यात राहील. ढोली असलेलं झाड "धोकादायक" म्हणून आधी जातं, तेवढ्यावर आपापल्या सोसायटीत लक्ष ठेवा.

---

निनाद_प

एक प्रश्न राहिला. माझ्या आजोबांच्या वह्या घरी आहेत, साठच्या दशकापासूनच्या. पाषाण, खडकवासला, कात्रज. त्यात तारीख, जागा, पक्षी, कधी कधी संख्या. यांचं काय करता येईल?

---

मुठेकाठचा

निनाद, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो! आधी प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेव, दोन ठिकाणी. मग ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या तारखांच्या नोंदीही भरता येतात. किती वेळ, किती अंतर हे माहीत नसेल तर "ऐतिहासिक" असा प्रकार निवडायचा. संख्या नसेल तर आकड्याच्या जागी "एक्स" टाकायचा, अंदाजाने काही भरायचं नाही. जुनी इंग्रजी नावं बदललेली असतील, आजोबांची मोडी किंवा लघुरूपं असतील, तिथे अडेल. ते वाचायला मी आणि पशुवैद्य आहोत. पाषाण तलावाच्या त्या काळच्या याद्या मिळाल्या तर तिथे तेव्हा कोणती बदकं उतरायची ते निदान कळेल.

येत्या रविवारी आम्ही काही जण कवडी पाटला जमतोय, सकाळी साडेसहा, बंधाऱ्यावर. नदी तिथे फेसाळ आणि काठ प्लास्टिकने भरलेला असतो, तरी चक्रवाक, शेकाटे, कुदळे असतात. वही घेऊन ये. सदाशिवातली, बाबांना आणणार असाल तर सांगा, गाडी पाठवतो. बंधाऱ्यापर्यंत रस्ता आहे, चालावं लागत नाही.

---

सदाशिवातली

बाबांना विचारलं. येतोय म्हणतात. फक्त साडेसहाला उशीर होतो, सहाला निघायचं का, असं विचारायला सांगितलंय.